इंजिन नसलेल्या गाडीला कूलंट कशासाठी?

चेंबूरला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. इमारतीच्या तळघरात रात्री गाडी चार्जिंगला लावली की काही वेळाने, गाडी कुलूपबंद असतानाही, बॉनेटखालून पंख्याचा आवाज सुरू होतो आणि शेजारी विचारणा करतात. मे महिन्यात सहकुटुंब पुण्याला जाताना त्यांनी खालापूरच्या फूड मॉलवर चाळीस मिनिटे जलद चार्जिंग केले. पुढे घाट चढताना पडद्यावर तापमानाची सूचना आली आणि गाडीची ओढ कमी झाली. आता सर्व्हिस सेंटरने कूलंट, म्हणजे आतील भाग थंड ठेवणारे द्रव, बदलायला सांगितले आहे, तर त्यांच्या मेव्हण्यांचे म्हणणे असे की, इंजिनच नसलेल्या गाडीत कूलंट कसले, हा पैसे काढण्याचा प्रकार आहे. मेव्हण्यांची स्वतःची गाडी हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि वीज दोन्हींवर चालणारी, आहे आणि तिच्याबद्दलही त्यांनी शेवटी एक ओळ विचारली आहे.

मी उत्तर देतो ते कोणत्या अनुभवावरून, हे आधी सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांमध्ये यंत्रांच्या मोठ्या विद्युत मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हची दुरुस्ती मी बरीच वर्षे केली आणि आता कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक्स पाहतो. कारखान्यातील ड्राइव्ह आणि गाडीतील इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग, ही एकाच कुळातील यंत्रे आहेत. फरक इतकाच की कारखान्यातला ड्राइव्ह भिंतीवर स्वस्थ बसलेला असतो आणि गाडीतला खड्डे, पाऊस व खारी हवा सोसत फिरत असतो. आपली गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्यात दोष नाहीच असे मी म्हणू शकत नाही. कोणते मॉडेल, बॅटरी कोणत्या रसायनाची, तिला द्रवाने थंड केले जाते की हवेने, आणि ती सूचना इन्व्हर्टरची होती की बॅटरीची, यावर बरेच अवलंबून आहे. तरीही आपण दिलेल्या वर्णनावरून बरेच काही सांगता येते.

आपल्या सर्व तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. इलेक्ट्रिक गाडीत उष्णता पेट्रोल गाडीच्या मानाने फारच थोडी निर्माण होते, पण ती बाहेर टाकणे मात्र अधिक अवघड असते. हे विधान उलटे वाटेल, म्हणून थोडे उलगडून सांगतो. उकळता चहा बशीत ओतला की झटकन निवतो, कोमट चहा मात्र कितीही फुंकला तरी फारसा निवत नाही, कारण उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पेट्रोल इंजिनचे कूलंट साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसला फिरते. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यालगतची हवा ४० अंश धरली, तरी रेडिएटरला ५० ते ६० अंशांचा फरक मिळतो. इन्व्हर्टर आणि मोटर यांच्या कूलंटचे तापमान बहुतेक गाड्यांत ६५ अंशांच्या आसपास किंवा त्याच्या आत ठेवावे लागते; म्हणजे फरक उरला जेमतेम २५ अंशांचा. आणि बॅटरीला सर्वाधिक मानवते ते १५ ते ३५ अंशांचे तापमान. बाहेर ४० अंश असताना बॅटरी ३५ अंशांवर ठेवायची, तर जगातील कोणताही रेडिएटर ते करू शकत नाही, कारण उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही. तेथे वातानुकूलन यंत्रच लागते. आपण बॉनेटखालून ऐकता तो आवाज पुष्कळदा या यंत्राच्या कंप्रेसरचा आणि पंख्याचा असतो.

आता इंजिन नसताना तापते काय, हा मेव्हण्यांचा मुद्दा. बॅटरीतून मिळणारी वीज दिष्ट, म्हणजे आपण जिला डीसी म्हणतो ती असते, आणि मोटरला तीन फेजची प्रत्यावर्ती वीज लागते. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. त्याच्या आत सेमीकंडक्टरचे काही चपटे तुकडे, म्हणजे चिप, असतात आणि ते सेकंदाला आठ-दहा हजार वेळा वीज चालू-बंद करतात. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये ९७ टक्के शक्ती मोटरकडे जाते, उरलेली तीन टक्के उष्णता होते. तीन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण गाडी ६० किलोवॉट ओढत असेल तेव्हा ते १.८ किलोवॉट होतात. स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर साधारण तेवढीच शक्ती घेते, मात्र ती उष्णता पातेल्याच्या अख्ख्या बुडावर पसरते. येथे ती तळहातापेक्षा लहान जागेतून बाहेर काढायची असते. सिलिकॉनचा हा तुकडा आतून साधारण १५० ते १७५ अंशांपर्यंत तग धरतो. त्यापुढे तो हळूहळू खराब होत नाही. तो क्षणात फुंकला जातो आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो. अलीकडच्या काही गाड्यांत सिलिकॉन कार्बाइडच्या चिप असतात. टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल थ्रीमध्ये त्या वापरल्यापासून त्यांचा बोलबाला झाला. त्यांच्यात वाया जाणारी शक्ती कमी, पण आकारही लहान, त्यामुळे उष्णता कमी असली तरी ती आणखी दाटीने एकवटलेली असते आणि थंड ठेवण्याच्या व्यवस्थेला सुट्टी मिळत नाही.

ही उष्णता हवेपर्यंत कशी पोहोचते ते पाहिले की कूलंटचे महत्त्व आपोआप कळते. चिपपासून ती डाखाच्या थरातून एका सिरॅमिक पट्टीत जाते. ही पट्टी वीज अडवते पण उष्णतेला वाट देते. तेथून तांब्याचा तळ, मग उष्णतावाहक लेपाचा पातळ थर, मग ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची चौकट, त्या पात्यांमधून वाहणारे कूलंट, पुढे रेडिएटर आणि शेवटी हवा. यातील कोणतीही एक कडी ढिली झाली, तर बाकी सर्व उत्तम असून उपयोग नाही. एकदा माझ्याकडे एक गाडी आली, तिचा इन्व्हर्टर दुसरीकडे उघडून बसवलेला होता. कूलंट ४८ अंशांवर, पंप व्यवस्थित, रेडिएटर स्वच्छ, आणि तरी थोडा वेग घेतला की आतील मॉड्यूल, म्हणजे चिप बसवलेला ठोकळा, ११० अंशांच्या पुढे जाऊन गाडी मंद होई. उघडून पाहिले तर लेप पोळीला तूप लावावे तसा सढळ हाताने थापलेला आणि मध्ये हवेचे पोकळ ठिपके राहिलेले. स्थिर हवा तांब्याच्या मानाने हजारो पटींनी वाईट उष्णतावाहक आहे, आणि लेप स्वतःही धातूच्या जवळपास नसतो. त्याचे काम फक्त दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म फटी भरण्याचे असते. तेव्हापासून कोणत्याही तापमानाच्या तक्रारीत मी सर्वांत आधी कूलंटचे आणि मॉड्यूलचे तापमान शेजारी-शेजारी ठेवून पाहतो. दोन्ही एकत्र चढत असतील, तर उष्णता कूलंटपर्यंत येते आहे पण हवेत जात नाही. कूलंट थंड आणि मॉड्यूल तापलेले असेल, तर उष्णता कूलंटपर्यंत पोहोचतच नाही, आणि अशा वेळी नवे कूलंट भरून काहीही साधत नाही.

कूलंटचा प्रवाह ठीक असेल तर ते स्वतः फारसे तापत नाही. पाणी आणि ग्लायकॉल यांचे अर्धे-अर्धे मिश्रण मिनिटाला १० लिटर वाहत असेल, तर दोन किलोवॉट उष्णता उचलूनही ते तीन-चार अंशांनीच गरम होते. पंप थांबला की मात्र पात्यांमधील तेवढेच थोडे द्रव तापू लागते आणि चिपचे तापमान काही सेकंदांत धोक्याच्या रेषेजवळ येते. येथे गाडीतील नियंत्रक मध्ये पडतो. मॉड्यूलच्या आतील लहानशा सेन्सरवरून त्याला कल चढता दिसला की तो मोटरला मिळणारा प्रवाह कमी करतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे ढोबळ मानाने धरले, तर प्रवाह तीस टक्क्यांनी कमी केल्यावर ती जवळजवळ निम्मी होते. चालकाला वाटते गाडी दगा देते आहे. प्रत्यक्षात लाखभर रुपयांचा, काही गाड्यांत त्याहून कितीतरी महाग, सुटा भाग वाचवला जात असतो.

आपल्या घाटातील प्रसंगाकडे येतो. आपण दोष घाटाला दिला आहे, पण मला तो खालापूरच्या चाळीस मिनिटांत दिसतो. घाटाचा हिशेब करून पाहा. गाडी माणसे-सामानासह २००० किलो धरू आणि पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतची चढण सुमारे ५५० मीटर. इतके वजन इतके उंच नेण्यास तीन युनिट वीज लागते. ती दहा-बारा मिनिटांत खर्च झाली तर चढणीसाठी सरासरी १५ किलोवॉट आणि सपाट रस्त्यावर लागणारे आठ-दहा किलोवॉट वेगळे. एवढा भार आजची कोणतीही इलेक्ट्रिक मोटार हसत उचलते. आता चार्जिंगचा हिशेब. ५० किलोवॉटने, ३५० व्होल्टच्या बॅटरीत, सुमारे १४३ अँपिअर प्रवाह जातो. संपूर्ण बॅटरीचा अंतर्गत रोध एक दशांश ओहम धरला, तर आत दोन किलोवॉट उष्णता निर्माण होते. चाळीस मिनिटे ती होत राहिली आणि बॅटरी २५० किलोची असली, तर थंड करण्याची काहीच व्यवस्था नसताना तिचे तापमान सुमारे २० अंशांनी चढले असते. माझे आकडे ढोबळ आहेत, आपल्या बॅटरीचा रोध कमी असू शकतो, पण उत्तर साधारण याच आसपास राहील. गाडी दुपारच्या उन्हात नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने आली, म्हणजे बॅटरी आधीच ३८-४० अंशांवर असणार. वातानुकूलन यंत्राने आपल्या परीने उष्णता बाहेर काढली असेल, पण बहुतेक गाड्यांत केबिन आणि बॅटरी यांना एकच कंप्रेसर थंडावा पुरवतो. मुले गाडीतच बसून होती आणि गारवा पूर्ण होता, असे आपणच लिहिले आहे. मग बॅटरीच्या वाट्याला उरलेलेच आले.

चिपची उष्णता सेकंदांत चढते-उतरते, कूलंटची मिनिटांत, बॅटरीची मात्र तासांत. ती दगडी जात्यासारखी आहे. सावकाश तापते आणि तापली की सावकाशच निवते. त्यामुळे फूड मॉलवर साठलेली उष्णता आपण घाटात बरोबर घेऊन गेलात आणि चढणीच्या थोड्या भाराने काटा सीमेपलीकडे गेला. पुढच्या वेळी घरून भरपूर चार्ज करून निघा, आणि वाटेत करायचेच असेल तर पायथ्याऐवजी घाट चढून गेल्यावर करा. पायथ्याशी करावे लागलेच, तर गरजेपुरते करून पहिली पंधरा-वीस मिनिटे संथ चालवा. परतताना उलट काळजी घ्यावी. लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून उतरणीला लागलात, तर ब्रेकमधून परत मिळणारी वीज घ्यायला जागाच नसते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. हे कूलिंगच्या कक्षेबाहेरचे आहे, पण घाटाचा विषय निघालाच म्हणून सांगितले. सपाट रस्त्यावर, सकाळच्या गार हवेत, जलद चार्जिंग न करताही तीच सूचना पुन्हा आली, तर माझा वरचा सगळा तर्क बाजूला ठेवा आणि गाडी तपासायला द्या.

रात्रीच्या पंख्याचे कारण याहून साधे आहे. घरच्या चार्जिंगला गाडीतील चार्जर प्रत्यावर्ती विजेची दिष्ट वीज करतो आणि त्यातही सहा-सात टक्के शक्ती उष्णतेत जाते. ७.२ किलोवॉटच्या चार्जरमध्ये ती साधारण पाचशे वॉट होते, तीही सलग काही तास. गाडी उभी असल्याने समोरून वारा नाही, म्हणून पंखा लागतो. तळघरात गाडीचे तोंड भिंतीला चिकटवून लावले असेल, तर पंखा आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो आणि तास लांबतात. गाडी मागे घेऊन लावा म्हणजे तोंड मोकळ्या बाजूला येईल, आणि आल्या-आल्या चार्जिंग सुरू न करता टाइमरने मध्यरात्रीनंतरची वेळ द्या. तोपर्यंत बॅटरी काहीशी निवलेली असते. शेजाऱ्यांना झोपेच्या वेळी आवाज नको असेल, तर चार्जिंगचा प्रवाह कमी ठेवण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. मला मात्र काळजी वाटेल ती उलट गोष्टीची: उन्हाळ्यात चार तास चार्जिंग झाले आणि पंखा एकदाही वाजला नाही, तर.

थंड ठेवण्याचा हेतू केवळ जळू न देणे एवढाच नाही. मुंबईच्या रहदारीत इन्व्हर्टरचे आयुष्य दुसऱ्याच कारणाने खर्ची पडते. सायनपासून दादरपर्यंतच्या प्रत्येक सिग्नलला गाडी सुटते तेव्हा चिप झटक्यात तापते आणि पुढच्या सिग्नलला निवते. चिपला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा तापल्यावर सिलिकॉनच्या सात-आठ पट प्रसरण पावतात. प्रत्येक चढ-उतारात त्या जोडावर किंचित ताण येतो, आणि लाखो वेळा असे झाले की शिवण उसवावी तसा जोड उसवतो. हा चढ-उतार जितका मोठा, तितके कमी फेरे जोड सहन करतो. कपॅसिटरचेही असेच आहे. इन्व्हर्टरमध्ये विजेचा प्रवाह समतोल ठेवणारे मोठे कपॅसिटर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मचे असतात आणि त्यांची मर्यादा १०५ अंशांच्या आसपास, म्हणजे चिपच्या बरीच खाली असते. नियंत्रकाच्या लहान पट्ट्यांवर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतील, तर दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मे हा आमच्या धंद्यातील जुना ठोकताळा आहे, आणि कारखान्यांत मी तो पुन्हा पुन्हा खरा ठरलेला पाहिला आहे. हे नुकसान कोणत्याही दिव्याने सूचित होत नाही. पाच-सहा वर्षांनी बिल येते तेव्हाच कळते.

मुंबईचा पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याबद्दल गाड्यांच्या माहितीपत्रकांत पुरेसे लिहिलेले नसते. बॅटरीची पेटी आयपी ६७ दर्जाची आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. मात्र त्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक ठेवायचा नसतो. दादरजवळच्या हिंदमाताच्या चौकात पावसाच्या तुंबलेल्या पाण्यात आपली गाडी शिरते तेव्हा परिस्थिती तशी नसते. पेटीतील हवा ५० अंशांची असेल आणि भोवती अचानक २७ अंशांचे पाणी आले, तर आतील दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. सात टक्के म्हणजे जवळपास ७० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ. नवे सील ती सहन करतात. पाच वर्षे तापून-निवून कडक झालेले सील कदाचित करणार नाहीत. म्हणूनच या पेट्यांना हवा जाऊ देणारे पण पाणी अडवणारे पडद्याचे श्वासछिद्र असते. ते चिखलाने बुजलेले मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे, आणि सर्व्हिसच्या यादीत ते तपासले जातेच असे नाही. आपण ते तपासायला आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट दवाची. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड कूलंट ज्या नळीतून किंवा पट्टीतून वाहते, तिच्यावर गार सरबताच्या पेल्यावर जमतात तसे थेंब जमतात. पेटीबाहेर जमले तर बिघडत नाही, पण दमट हवा पेटीत शिरलेली असेल तर तेच थेंब आत जमतात आणि विजेचे निरोधन (इन्सुलेशन) उतरते. दिष्ट विजेच्या परिपथासाठी दर व्होल्टला किमान १०० ओहम निरोधन हा सुरक्षिततेचा निकष आहे. पावसात सकाळी निरोधनाची सूचना येते आणि दुपारपर्यंत जाते, अशी तक्रार असेल तर मी प्रथम ओलावाच शोधतो. आणि वरळी, माहीम, वर्सोवा अशा किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी रेडिएटरची पाती कमी दाबाच्या पाण्याने अधूनमधून धुऊन घ्यावीत. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात आणि मीठ निघाले तरी हवेची वाट बंद होते. वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधील फटीत कापूस, पाने, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे अडकतात, ते समोरून दिसतही नाहीत. गर्दीत गाडी तापते आणि ईस्टर्न फ्रीवेवर आपोआप निवते, असे असेल तर दोष बहुधा पंख्यात किंवा या फटीत असतो; उलट गर्दीत ठीक आणि जोर लावल्यावर तापत असेल, तर पंप, हवेचा बुडबुडा किंवा लेप यांकडे पाहावे.

मेव्हण्यांची हायब्रिड गाडी. तिच्यात इंजिनचे कूलंट ९० अंशांच्या पुढे असते आणि ते इन्व्हर्टरला चालत नाही, म्हणून बहुतेक हायब्रिड गाड्यांत इन्व्हर्टरचा परिपथ निराळा असतो, त्याचा पंप निराळा आणि कूलंटची टाकीही निराळी. मेव्हणे ज्या टाकीकडे पाहतात ती इंजिनची असावी. दुसरी शेजारीच असते आणि कित्येक मालकांनी ती कधी उघडलेली नसते. त्यांना इतकेच सांगा की कूलंट कसले असे विचारणाऱ्यांच्या स्वतःच्या गाडीत ते दोन ठिकाणी आहे. बॅटरीचे मात्र वेगळे. अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनाजवळच्या जाळीतून केबिनमधीलच हवा पंख्याने ओढून बॅटरीवरून नेली जाते. काही वर्षांपूर्वी गणपतीला कोकणात निघालेले एक कुटुंब माणगावपुढे दिवा लागला म्हणून परत फिरले. गाडी माझ्याकडे आली तेव्हाही त्या जाळीवर अंथरुणाची वळकटी आणि मोदकपात्राचा खोका तसाच होता, आणि जाळीमागील फिल्टरवर कापसाच्या तंतूंचा जाड थर. फिल्टर धुतला, सामान हलवले, दुसरा कोणताही भाग बदलला नाही. जाळी मोकळी ठेवणे आणि उन्हाळ्यात मागे माणूस नसतानाही केबिन गार ठेवणे, एवढे मेव्हण्यांनी करावे. काचा उघड्या टाकून गारवा वाचवला की बॅटरीला बाहेरची गरम आणि धुळीची हवा मिळते.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल आपण विचारलेले नाही, पण घरात असेलच. त्यांच्या बॅटऱ्या बहुधा केवळ बाहेरच्या हवेने निवतात, त्यामुळे उन्हातून आल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून मग चार्जर लावावा. २०२२ मधील आगींच्या घटनांनंतर एआयएस १५६ हे बॅटरीच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एका सेलमधील आतल्या शॉर्टसर्किटची उष्णता इतरत्र पसरून आग लागू नये, ही अपेक्षा त्यात आहे. त्याआधीची स्कूटर असेल तर हा अर्धा तास अधिक काटेकोरपणे पाळावा.

आता मूळ व्यवहाराचा प्रश्न: सर्व्हिस सेंटरला पैसे द्यावेत का? कूलंट बदलण्याची मुदत मॉडेलप्रमाणे फार वेगवेगळी असते, ती गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहा. दीड वर्षात मुदत संपण्याची शक्यता कमी वाटते, पण बदलण्याचे दुसरे कारण असू शकते. कूलंटमधील गंजरोधक संपले किंवा त्यात कोणी नळाचे पाणी घातले, तर ॲल्युमिनियमच्या बारीक वाटा गाळाने भरू लागतात, आणि इन्व्हर्टरच्या पात्यांमधील जागा इतकी अरुंद असते की थोडा गाळही पुरतो. काही गाड्यांच्या बॅटरीसाठी विजेचे वहन कमी करणारे खास कूलंट लागते, जेणेकरून आत गळती झालीच तर त्यातून प्रवाह वाहू नये. त्या जागी साधे हिरवे कूलंट भरले तर दिसायला सर्व ठीक असते आणि संरक्षण मात्र गेलेले असते. रंगावरून कूलंट ओळखू नये. दोन कंपन्यांची गुलाबी कूलंटे रसायनाने अगदी भिन्न असू शकतात. याच जातीची आणखी एक चूक वातानुकूलनाचा गॅस भरताना होते. या गाड्यांचा कंप्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारे पीओई तेल लागते. साध्या गाड्यांचे पीएजी तेल त्यात गेले तर निरोधन ढासळते. म्हणून गल्लीतील गॅसवाल्याकडे ही गाडी नेऊ नका, तो कितीही जुना ओळखीचा असला तरी.

स्वतः काय करावे आणि काय नाही, याची सीमा मी नारिंगी रंगावर आखतो. टाकीतील पातळी पाहणे, जाळ्या साफ ठेवणे, आवाज ऐकणे, हे मालकाचे काम. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी तारांना आणि त्या ज्या पेट्यांत जातात त्यांना हात लावू नये. गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ घातक व्होल्टेज राहते. आम्ही सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीच्या उच्च व्होल्टेजची वाट तोडणारी खुंटी, काढून, कंपनीने सांगितलेली मिनिटे थांबून, एक हजार व्होल्टचे हातमोजे घालून आणि मीटरने शून्य पाहूनच पुढे जातो.

सर्व्हिस सेंटरकडे तीन प्रश्न घेऊन जा. घाटातील सूचना कोणत्या सेन्सरची होती आणि त्या क्षणी कूलंट, मॉड्यूल व बॅटरी यांची तापमाने काय नोंदली गेली, हे स्कॅनरमध्ये पाहून छापून मागा. कूलंट बदलायचे कारण विचारा: रिफ्रॅक्टोमीटरने ग्लायकॉलचे प्रमाण मोजले का, विद्युतवहन मोजले का, की नुसते पाहून सांगितले. आणि बदलणारच असतील, तर व्हॅक्यूमने भरतात का ते विचारा. नुसते ओतून भरले तर बॅटरीखालच्या सपाट वाटांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि जेथे बुडबुडा आहे तेथील सेल गरमच राहतात. कधीकधी गाडी सुरू करताना नळ्यांत गुळगुळ ऐकू येते ते याचेच. पहिल्या दोन प्रश्नांना आकड्यांत उत्तर मिळाले आणि ते आकडे वाईट असले, तर पैसे द्या, मेव्हणे काहीही म्हणोत. उत्तर न देता केवळ आग्रह झाला, तर मुदतीपर्यंत थांबायला हरकत नाही, फक्त टाकीतील पातळीवर लक्ष ठेवा. बदलून घेतलेत, तर आठवड्याने गाडी गार असताना पातळी पुन्हा पाहा. पहिल्यांदा ती किंचित उतरलेली असेल तर अडकलेली हवा बाहेर आली असे समजून तेच कूलंट वरपर्यंत भरून घ्या. दुसऱ्यांदाही उतरली, तर गळती शोधल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.